कोरडी जमीन पुढचा पाऊस हटवते का? (माती, पाने आणि हवा यांच्यातील पाण्याची देवघेव)

मृद्गंध (धागाकर्ता) | शनिवार, सकाळी ८.४०

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आज मांडतो आहे. पाऊस पडला नाही म्हणून जमीन कोरडी पडते, हे आपण सगळेच धरून चालतो. पण याच्या उलटही खरे असू शकेल का? जमीन कोरडी पडली म्हणूनही पुढचा पाऊस हटत असेल का?

शाळेतल्या जलचक्राच्या चित्रात समुद्रातून वर जाणारे बाण ठळक असतात. ढग जमिनीवर येतात, पाऊस पडतो आणि नद्या ते पाणी समुद्राला परत नेऊन देतात. त्या चित्रातली जमीन नुसती घेणारी असते. प्रत्यक्षात जमिनीवर वर्षभरात साधारण १ लाख १० हजार ते १ लाख २० हजार घन किलोमीटर पाणी पडते आणि त्यातले सुमारे ४० हजार घन किलोमीटरच समुद्राला मिळते. उरलेले, म्हणजे निम्म्याहून बरेच अधिक पाणी माती, पाणवठे आणि पाने यांच्या वाटे पुन्हा हवेत जाते. हवेत गेलेले पाणी तेथे सरासरी आठ-दहा दिवस राहते आणि तेवढ्या अवधीत वाऱ्याबरोबर शेकडो, कधी हजारो किलोमीटर पुढे जाऊन पडते. जमिनीवरच्या पावसापैकी जवळपास ४० टक्के पाणी त्याआधी कुठल्या ना कुठल्या जमिनीवरूनच वर गेलेले असते, असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला होता.

हे वाचल्यापासून मला राहून राहून वाटते की जमीन ही पावसाची भागीदार आहे आणि हवामानबदलाच्या चर्चेत तिच्याकडे आपले फार दुर्लक्ष होते. तापमान वाढत असताना ही भागीदार अधिक पाणी देऊ लागेल, की देण्याजोगे तिच्याकडे काही उरणारच नाही? जाणकारांनी आणि ज्यांनी स्वतः काही मोजले-पाहिले असेल त्यांनी अवश्य लिहावे.

निरभ्र | शनिवार, सकाळी ९.१५

प्रश्न चांगला आहे, पण मला उत्तर सरळ वाटते. हवा तापली की तिच्यात अधिक वाफ मावते आणि अधिक वाफ म्हणजे अधिक पाऊस. तेव्हा एकंदरीत पाणी वाढेलच. जमिनीला एवढे महत्त्व कशासाठी द्यायचे?

अभ्रक | शनिवार, सकाळी १०.०२

निरभ्र, आपल्या म्हणण्याचा पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही, आणि या धाग्याचे सगळे मर्म त्या दोहोंमधल्या फरकात आहे.

तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते ते प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हा क्लॉसियस आणि क्लॅपेरॉन यांच्या नावाने ओळखला जाणारा एकोणिसाव्या शतकातला नियम आहे आणि त्याविषयी वाद नाही. परंतु जगाचा एकूण पाऊस मात्र दर अंशाला १ ते ३ टक्केच वाढतो. याचे कारण असे की वाफेचा पाऊस होताना बाहेर पडणारी उष्णता वातावरणाला शेवटी अवकाशात टाकून द्यावी लागते आणि ती टाकण्याचा वेग वाफेइतका भराभर वाढत नाही. तेव्हा भांडे मोठे होते, पण त्याच प्रमाणात ते भरत आणि रिकामे होत नाही.

जमिनीच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती त्या भांड्यातली रिकामी जागा. २० अंशांना संपृक्त, म्हणजे मावेल तेवढ्या वाफेने भरलेल्या, हवेचा बाष्पदाब (वाफेचा दाब) सुमारे २३.४ हेक्टोपास्कल (दाबाचे एकक) असतो, तर ३० अंशांना तो ४२.४ होतो. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात किती टक्के वाफ आहे ते प्रमाण, दोन्ही वेळा ५० टक्के धरली, तर पहिल्या हवेत ११.७ एवढी तूट आहे आणि दुसऱ्या हवेत २१.२. आर्द्रतेची टक्केवारी तीच राहिली, तरी पानांतून आणि मातीतून पाणी ओढून घेणारी हवेची तहान जवळपास दुप्पट झाली. बाष्पीभवन या तुटीवर अवलंबून असते, हे जॉन डाल्टन यांनी १८०२ च्या सुमारास मांडले होते, म्हणजे ही कल्पना नवी नाही. नवीन आहे ते तहान वाढण्याचे प्रमाण.

निरभ्र | शनिवार, सकाळी १०.२०

हे मी लक्षात घेतले नव्हते. मग टक्केवारी तरी कायम राहते का?

अभ्रक | शनिवार, सकाळी १०.४८

समुद्रावर जवळजवळ कायम राहते, जमिनीवर राहत नाही. २००० सालानंतरच्या नोंदींत जमिनीवरची सापेक्ष आर्द्रता अनेक भागांत घसरलेली दिसते. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात जमिनीवरची हवा सुमारे १.६ अंशांनी तापली होती, तर समुद्राचा पृष्ठभाग सुमारे ०.९ अंशांनीच. जमिनीवर येणारी बरीचशी वाफ समुद्रावरून निघते आणि तिथल्या मंद तापमानवाढीच्या हिशेबानेच वाढते. ती जमिनीवर येते तेव्हा तिथली हवा त्याहून अधिक तापलेली असते, म्हणून आलेली वाफ तिला अपुरी पडते. वाफ वाढते, तरीही हवा पूर्वीपेक्षा कोरडी जाणवते. ही गोष्ट प्रथमदर्शनी विरोधाभासाची वाटते, पण ती विसरली की ‘ऊन वाढले म्हणजे पाऊस वाढला’ असा सोपा निष्कर्ष निघतो.

तृणपाते | शनिवार, दुपारी १२.३०

मी शास्त्रज्ञ नाही, पण कुंडीतली झाडे गेली काही वर्षे वजन करून पाहते आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. ही पद्धत माझी नव्हे. स्टीफन हेल्स यांनी १७२० च्या दशकात सूर्यफुलाच्या कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने झाकून ती रोज तोलली होती, म्हणजे जी घट होईल ती पानांतूनच झाली असे म्हणता यावे. मी शिशाऐवजी प्लास्टिक वापरते आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा.

सध्या एक सूर्यफूल तोलते आहे. बुधवारी सकाळी भरपूर पाणी घातले आणि नंतर थेंबही घातला नाही. पहिल्या तीन दिवसांत रोजची घट २९० ते ३२० ग्रॅमच्या दरम्यान राहिली. ज्या दिवशी ऊन जास्त त्या दिवशी घट जास्त, ढगाळ असेल तेव्हा कमी. माती किती ओली आहे याची झाडाला जणू पर्वाच नव्हती. आज चौथा दिवस आहे. पुढे काय होते ते कळवीन.

रानवाट | शनिवार, दुपारी १.०५

वाचनखूण साठवली आहे. कुंडीची वाट पाहतो.

जलमापक | शनिवार, रात्री ९.५०

तृणपाते यांनी कुंडीत जे केले, तेच आम्ही मनोऱ्यावरून करत असू. मी काही वर्षे अशा एका केंद्रावर काम केले आहे. झाडांच्या शेंड्यांच्या वर एक उपकरण बसवलेले असते. ते ध्वनिलहरींच्या साहाय्याने वाऱ्याचा वेग तिन्ही दिशांनी सेकंदाला दहा किंवा वीस वेळा मोजते. शेजारचे दुसरे उपकरण तितक्याच वेगाने हवेतली वाफ मोजते. हवेचा भोवरा वर जाताना अधिक ओला आणि खाली येताना कमी ओला असेल, तर त्या फरकावरून रानातून किती पाणी वर चालले आहे ते काढता येते. पावसाचा थेंब उपकरणाच्या काचेवर बसला की तेवढ्या वेळाची नोंद टाकून द्यावी लागते. म्हणजे पावसाच्या ऐन वेळी पाणी मोजणारे यंत्र आंधळे होते, याची मला तेव्हा फार चुटपुट लागे.

या मापनातली एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. सूर्याकडून मिळालेली निव्वळ ऊर्जा आणि हवेला दिलेली उष्णता अधिक वाफेबरोबर गेलेली उष्णता, यांचा ताळेबंद जुळायला हवा, पण बहुतेक केंद्रांवर तो १० ते २० टक्क्यांनी कमी भरतो. जगभर अशी शेकडो केंद्रे आहेत आणि ही तूट जवळपास सगळीकडे आढळते. म्हणून ‘जमिनीवरून इतके पाणी वर गेले’ असे कोणी एका आकड्यात ठामपणे सांगितले, की मी आधी मोजण्याची पद्धत विचारतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पाण्याबरोबर उष्णतेचाही हिशेब ठेवला नाही तर हा विषय उलगडत नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४.५ लाख ज्यूल ऊर्जा लागते. तेच पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत नुसते तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या ती सातपटीहून अधिक आहे. एक चौरस मीटर जमिनीवरून एक मिलिमीटर पाणी वर जाणे म्हणजे बरोबर एक लिटर. जमिनीत ते पाणी नसेल तर तेवढी उष्णता हवा तापवण्यात खर्च होते आणि त्या एका चौरस मीटरवर उभा असलेला एक किलोमीटर उंचीचा हवेचा स्तंभ तिने जवळपास २ अंशांनी तापतो. आणि हा एका मिलिमीटरचा हिशेब आहे. भर उन्हाळ्यात हिरवे रान दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी सोडते.

मृद्गंध (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ७.३०

जलमापक, फारच उपयुक्त प्रतिसाद. म्हणजे कोरड्या जमिनीचा पहिला परिणाम पावसावर नसून तापमानावर होतो, असे म्हणता येईल का?

जलमापक | रविवार, सकाळी ८.१०

पहिला आणि सर्वांत खात्रीचा, होय. २००३ च्या युरोपातील उष्णतेच्या लाटेपूर्वी वसंतातच पाऊस कमी झाल्याने माती सुकत गेली होती आणि त्या सुकलेल्या मातीने लाट अधिक तीव्र केली, यावर बराच अभ्यास झाला आहे. २०१० मध्ये रशियाच्या पश्चिम भागातही असेच झाले. वरच्या वातावरणात उच्च दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसले की ढग नाहीत, ऊन कडक आणि माती सुकलेली. मग दिवसा तापलेली हवा रात्री वरच्या थरात साठून राहते आणि दुसऱ्या दिवशीच्या तापण्याला तिथूनच आरंभ होतो. लाट सुरू झाली ती वातावरणामुळे, पण तिला दिवसामागून दिवस इंधन पुरवले ते जमिनीने.

क्षितिज_७ | रविवार, सकाळी १०.३५

मला मात्र धागाकर्त्यांच्या ‘भागीदार’ या शब्दाविषयी सावध राहावेसे वाटते. जमिनीकडे पावसाचे कर्तेपण देण्याचा मोह जुना आहे आणि तो महागात पडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या ग्रेट प्लेन्स भागात ‘नांगर जाईल तिथे पाऊस मागोमाग येईल’ असे गंभीरपणे सांगितले जाई आणि लोकांना कोरड्या प्रदेशात वसायला प्रवृत्त केले जाई. काही वर्षे योगायोगाने पाऊस बरा झाला, पुढे दुष्काळ पडला आणि कुटुंबेच्या कुटुंबे उठून गेली. १९३० च्या दशकात त्याच पट्ट्यातली गवताची मुळे उखडलेली माती धुळीच्या लोटांनी उडून गेली.

दुसरे उदाहरण साहेलचे, म्हणजे आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असलेल्या निमकोरड्या पट्ट्याचे. १९७५ साली ज्यूल चार्नी यांनी असे मांडले की चराईमुळे जमीन उघडी पडते, उघडी जमीन ऊन अधिक परावर्तित करते, त्यामुळे हवा खाली बसते आणि पाऊस घटतो. कल्पना देखणी होती आणि दुष्काळाचा दोष नकळत तिथल्या गुराख्यांवर आला. पुढे २००३ च्या सुमारास दिसून आले की साहेलच्या त्या दुष्काळाची सूत्रे मुख्यतः समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाकडे होती. तेव्हा पावसाचा कर्ता समुद्रच आहे, असे माझे मत आहे.

अभ्रक | रविवार, सकाळी ११.२०

क्षितिज_७, आपला इशारा मोलाचा आहे, पण आपण दिलेली दोन्ही उदाहरणे शेवटपर्यंत नेली तर ती आपल्याच निष्कर्षाच्या थोडी विरुद्ध जातात. साहेलमध्ये समुद्राने दुष्काळ सुरू केला हे खरे, पण केवळ समुद्राचे तापमान घेतलेल्या मॉडेलांत (हवामानाच्या संगणकीय प्रतिकृतींत) तो प्रत्यक्षाइतका खोल आणि दीर्घ होत नव्हता. वनस्पती आणि मातीची ओल यांचा प्रतिसाद धरला, तेव्हा ती दरी बरीच भरून निघाली. १९३० च्या दशकाचेही तसेच. मूळ कोरडेपणा प्रशांत आणि अटलांटिक महासागरांच्या तापमानातून आला, पण उडालेली धूळ आणि उघडी जमीन यांनी तो वाढवला आणि पसरवला, असे पुढच्या संगणकीय अभ्यासांत आढळले. आरंभ करणारा एक आणि वाढवणारा दुसरा, असे मानायला मला अडचण दिसत नाही.

धुकेरी | रविवार, दुपारी २.००

या वादात एका महत्त्वाच्या अभ्यासाचा उल्लेख राहून जातो आहे. २००४ साली रँडल कोस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डझनभर मॉडेले एकाच पद्धतीने चालवून पाहिले की मातीतल्या ओलीचा पावसावर परिणाम नेमका कुठे होतो. उत्तर सगळीकडे नव्हते, काही ठरावीक पट्ट्यांत होते. त्यांतले ठळक म्हणजे उत्तर अमेरिकेचा ग्रेट प्लेन्स, आफ्रिकेचा साहेल आणि भारत. हे सगळे ओल्या आणि कोरड्या प्रदेशांच्या सीमेवरचे भाग आहेत.

याचे कारण समजायला सोपे आहे. वाळवंटात माती काही देऊच शकत नाही, कारण तिच्याकडे काही नाही. कायम ओल्या प्रदेशात माती कितीही ओली असली तरी किती वाफ होणार हे उन्हावर ठरते. ओल थोडी कमी-जास्त झाल्याने फरक पडतो तो फक्त मधल्या पट्ट्यात. हवामान तापत असताना हा मधला पट्टा सरकतो आहे आणि काल ज्या प्रदेशात ऊन कमी पडत होते, तेथे उद्या पाणी कमी पडू लागेल. मध्य आणि उत्तर युरोपाच्या काही भागांविषयी अशी शक्यता अभ्यासकांनी वर्तवली आहे. मला हा बदल सरासरी पावसाच्या आकड्यापेक्षा अधिक चिंतेचा वाटतो, कारण तिथल्या झाडांना आणि माणसांना अशा जमिनीची सवयच नाही.

तृणपाते | रविवार, सायंकाळी ६.४५

धुकेरी यांचा प्रतिसाद वाचून कुंडीची नोंदवही पुन्हा उघडली. चौथ्या दिवशी, म्हणजे काल, ऊन लख्ख असूनही घट २४० ग्रॅमवर आली. आज पाचव्या दिवशी ती फक्त ११० ग्रॅम आहे. पहिल्या तीन दिवसांत घट उन्हावर ठरत होती, आता ती मातीवर ठरते आहे. आपण म्हणता तो मधला पट्टा माझ्या कुंडीने दोन दिवसांत ओलांडला.

आणखी एक गोष्ट. माझ्याकडे अवरक्त किरणांवर चालणारा तापमापक आहे, तो नुसता रोखला की पानाचे तापमान कळते. गुरुवारी दुपारी सावलीतली हवा ३१ अंश होती आणि पान २८ अंश. आज हवा तेवढीच आहे आणि खालच्या बाजूचे मलूल पान ३५ अंश दाखवते आहे. बोट लावल्यावरही फरक कळतो, गुरुवारचे पान गार लागत होते.

जलमापक | रविवार, सायंकाळी ७.१०

हा सात अंशांचा फरक म्हणजेच माझा कालचा लांबलचक हिशेब. मनोऱ्यावरून आम्हाला हे इतके स्पष्ट क्वचितच दिसले.

निरभ्र | सोमवार, सकाळी ८.५५

सगळे प्रतिसाद वाचले. आता एक शंका. कोरड्या भागावर पाऊस कमी आणि ओल्या भागावर जास्त, असे असेल तर ओले कायम ओले होत जाईल आणि कोरडे कायम कोरडे. तसे तर दिसत नाही.

धुकेरी | सोमवार, सकाळी १०.१५

शंका अगदी नेमकी आहे. २०१२ साली उपग्रहांच्या नोंदींवरून असे आढळले की दुपारचा वळवासारखा पाऊस आजूबाजूच्या तुलनेने कोरड्या असलेल्या तुकड्यावर पडण्याची शक्यता अधिक असते. कोरडा तुकडा जास्त तापतो, त्यावरची हवा वर उठते आणि शेजारच्या ओल्या भागावरची दमट हवा तिची जागा घ्यायला येते. समुद्रकाठी दिवसा वारे जमिनीकडे वाहतात, त्याचीच ही लहान आवृत्ती. त्या वर आलेल्या हवेत ढग धरतात. अनेक मॉडेले मात्र याच्या उलट, ओल्या मातीवर पाऊस दाखवत होती.

काही काळ यावर बरीच चर्चा झाली. पुढे २०१५ मध्ये दोन्हींचा मेळ बसवणारे विश्लेषण आले. एकूण प्रदेश नेहमीपेक्षा ओला असतो त्या दिवसांत पाऊस पडण्याची शक्यता वाढते आणि त्या प्रदेशाच्या आत तो पडतो मात्र तुलनेने कोरड्या तुकड्यांवर. म्हणजे वाफ हवी ती ओल्या विस्ताराकडून आणि हवेला वर रेटणारा धक्का हवा तो कोरड्या तुकड्याकडून. ‘कोरड्या जमिनीवर पाऊस पडतो का’ या प्रश्नाला म्हणूनच प्रतिप्रश्न करावा लागतो, की केवढ्या जमिनीविषयी आपण बोलत आहात?

मुळाक्षर | सोमवार, दुपारी १.४०

झाडे लावा, पाऊस वाढेल, हे मग खरे की खोटे? माझी श्रद्धा आहे की खरे असावे.

अभ्रक | सोमवार, रात्री ८.३०

मुळाक्षर, श्रद्धेला आधार आहे, पण तो सगळीकडे सारखा नाही.

ॲमेझॉनचे उदाहरण सर्वांत भक्कम आहे. १९७० च्या दशकात एनियास सालाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने पावसाच्या पाण्यातील जड समस्थानिकांचे (ऑक्सिजन, हायड्रोजन यांच्या किंचित जड अणूंचे) प्रमाण अटलांटिकच्या किनाऱ्यापासून आत आत मोजत नेले. समुद्राची वाफ आत जाताना नुसतीच पडत गेली असती, तर जड समस्थानिके लवकर संपत गेली असती. ती अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी घटत होती, म्हणजे जंगल पडलेले पाणी पुन्हा वर पाठवत होते आणि ते पुन्हा पुढे पडत होते. तिथल्या झाडांची मुळे कित्येक ठिकाणी आठ मीटरहून खोल जातात, म्हणून कोरड्या महिन्यांतही पाने पाणी सोडत राहतात. २०१७ मध्ये उपग्रहांच्या समस्थानिक-नोंदींवरून असेही दाखवण्यात आले की ॲमेझॉनच्या दक्षिण भागात पावसाळ्याच्या आरंभीची वाफ जंगलातून आलेली असते. समुद्रावरचे वारे त्यानंतर येतात. पाऊस येण्याआधी जंगल स्वतःची हवा ओली करून ठेवते, ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा मी फार वेळ काहीच बोललो नव्हतो.

याच्या दुसऱ्या टोकाला चीनमधील लोएस पठार आहे. तेथे १९९९ पासून उतारांवरची शेती थांबवून मोठ्या प्रमाणावर झाडे आणि गवत लावण्यात आले. मातीची धूप थांबली आणि पीत नदीतला गाळ खूप कमी झाला, हे त्याचे मोठे यश आहे. पण तेवढी पाने पाणीही पितात. पुढे २०१६ च्या एका अभ्यासाने इशारा दिला की आणखी हिरवळ वाढवली तर माणसांच्या वापरासाठी पाणी कमी पडेल. वर गेलेले पाणी त्याच खोऱ्यात परत पडेल याची हमी नसते. ते वाऱ्याच्या दिशेने कुठेतरी लांब पडते आणि तिथल्या लोकांना ते कुठून आले याचा पत्ताही नसतो.

रानवाट | मंगळवार, सकाळी ७.२०

यावरून विचारावेसे वाटते. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडे पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) कमी उघडतात आणि पाणी वाचवतात, असे वाचले आहे. मग तहानलेल्या हवेचा त्रास आपोआप कमी होणार नाही का?

तृणपाते | मंगळवार, सकाळी ९.०५

मोठ्या प्रश्नाचे उत्तर अभ्रक देतील, पण पानाच्या बाजूने मी एवढे सांगू शकते की रंध्रे मिटली म्हणजे पाणी वाचते आणि पान तापते, दोन्ही एकदमच होते. माझ्या कुंडीत हेच झाले, फक्त तेथे कारण पाण्याची टंचाई होते.

अभ्रक | मंगळवार, दुपारी १२.५०

तृणपाते यांनी मुख्य गोष्ट सांगितलीच आहे. त्यात भर एवढीच की एकेक पान पाणी वाचवते, पण पानेच वाढतात. १९८० च्या दशकापासूनच्या उपग्रह-नोंदींत पृथ्वीवरचे पानांचे एकूण क्षेत्र वाढलेले दिसते आणि त्यात कार्बन डायऑक्साइडचा वाटा मोठा मानला जातो. वाचलेले पाणी ही नवी पाने वापरतात. वसंतात हिरवळ लवकर आली तर माती उन्हाळ्याआधीच सुकायला लागते, असेही आढळले आहे. कोणता परिणाम वरचढ ठरेल हे प्रदेशानुसार बदलते आणि यावर मॉडेलांचे एकमत नाही.

क्षितिज_७ | मंगळवार, रात्री ९.१५

वर मी समुद्रालाच कर्ता म्हटले होते. ॲमेझॉनविषयीचा भाग वाचून ते मत थोडे मागे घेतो. पण सावधपणासाठी आणखी एक उदाहरण नोंदवतो. जगभरातल्या वेधशाळांत पाण्याने भरलेल्या उघड्या पात्रातून रोज किती पाणी उडते ते मोजतात. तापमान वाढते आहे म्हणजे ते वाढायला हवे होते, पण १९५० पासून पुढची काही दशके अनेक देशांत ते घटत गेले. २००२ साली मायकेल रॉडरिक आणि ग्रॅहम फार्कर यांनी दाखवले की हवेतले ढग आणि धूलिकण यांमुळे ऊन कमी पोहोचले, हे त्याचे एक सबळ कारण आहे. पुढे वारे मंदावल्याचेही कारण काही भागांत पुढे आले. तहान ही केवळ तापमानाची बाब नाही. ऊन आणि वारा हेही त्यात आहेत.

जलमापक | मंगळवार, रात्री १०.००

पूर्ण सहमत. पात्रात पाणी नेहमी भरलेले असते, हेही ध्यानात ठेवावे. ते हवेची मागणी मोजते, जमिनीचा पुरवठा नव्हे. जमिनीचा पुरवठा पाहायचा तर मातीत डोकवावे लागते आणि उपग्रहही तेथे वरवरच पाहू शकतात. २०१५ मध्ये सोडलेला मातीची ओल मोजणारा अमेरिकेचा उपग्रह वरच्या सुमारे पाच सेंटिमीटरचीच ओल थेट मोजतो, झाडाची मुळे मात्र त्याच्या कितीतरी खाली असतात. खोलवरच्या पाण्यासाठी २००२ मध्ये एकमेकांमागे सुमारे २२० किलोमीटर अंतराने फिरणारी उपग्रहांची जोडी सोडण्यात आली. खालच्या पाण्याचे वजन बदलले की गुरुत्वाकर्षण किंचित बदलते आणि त्या दोहोंमधले अंतर केसाच्या जाडीहूनही कमी फरकाने हलते, ते मोजून भूजलाची घट ओळखली गेली. ते भूजल उपसून शेतात सोडले की तेही हवेत जाते, त्या भागाची दुपार थोडी गार होते आणि हवा दमट होते. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून तापमापकावर दिसणारा गारवा शरीराला मिळतोच असे नाही.

मृद्गंध (धागाकर्ता) | बुधवार, सकाळी ८.००

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या प्रश्नाची मांडणीच सैल होती, हे आता कळते. ‘कोरडी जमीन पाऊस हटवते का’ असे न विचारता मी असे विचारायला हवे होते की कोणत्या पट्ट्यातली, केवढ्या विस्ताराची जमीन आणि किती खोलवर कोरडी. ‘भागीदार’ हा शब्द मी सोडणार नाही, पण ती भागीदार आरंभ क्वचितच करते आणि वाढवण्याचे काम मात्र जोरात करते, हे मान्य.

एक शंका उरते. खूप सुकलेल्या जमिनीवर अखेर जोराचा पाऊस आला, तर ती तहानलेली असल्यामुळे सगळे पाणी पिऊन घेते ना? मग वाफसा लवकर यायला हवा.

रानवाट | बुधवार, सकाळी ९.४०

नेहमी नाही. मी डोंगरवाटांवर पुष्कळ फिरतो. आग लागून गेलेल्या किंवा फार काळ सुकलेल्या रानात पहिल्या सरीचे थेंब मातीवर पाऱ्यासारखे गोल होऊन घरंगळताना पाहिले आहेत. कुजलेल्या पानांतले मेणचट पदार्थ मातीच्या कणांवर बसलेले असतात, म्हणून पाणी आत शिरत नाही. चिकणमातीला भेगा पडलेल्या असल्या तर पाणी भेगांतून थेट खाली जाते आणि वरचा थर तसाच राहतो. संथ पाऊस दोन-तीन दिवस झाला तरच माती हळूहळू मऊ होते. तापलेल्या हवेतला पाऊस मात्र थोड्या वेळात पुष्कळ पडण्याकडे झुकतो आहे, म्हणजे नेमकी जी सर माती पिऊ शकत नाही तिचीच संख्या वाढते आहे. दुष्काळ आणि पूर एकाच महिन्यात येतात याचे मला तरी आश्चर्य वाटत नाही.

तृणपाते | बुधवार, सायंकाळी ६.२०

रानवाट यांचे म्हणणे आज कुंडीत पाहिले. पाने पूर्ण माना टाकून होती, म्हणून आठव्या दिवशी प्लास्टिक काढून एक लिटर पाणी एकदम ओतले. माती कुंडीच्या कडेपासून आक्रसून सुटलेली होती. पाणी त्या फटीतून खाली गेले आणि मिनिटभरात तळाच्या ताटलीत ७०० ग्रॅमहून अधिक पाणी जमले. मधला मातीचा गोळा बोटाने उकरला, तर आत कोरडाच होता. मग तेच पाणी पेल्याने, अर्ध्या अर्ध्या तासाने, पाच वेळा घातले. आता ताटली जवळपास रिकामी आहे आणि वरची तीन पाने उभी राहिली आहेत. तापमापक त्या पानांवर २९ अंश दाखवतो आहे. खालची दोन पाने उठली नाहीत. उद्या सकाळी पुन्हा तोलीन.